टाकायासू आर्टेरायटिस: रिपोर्ट नॉर्मल होते, तरी आजार पुढे सरकत होता (एक पूर्ण केस)

ही केस लिहायचं कारण सरळ आहे. टाकायासूमध्ये ट्रीटमेंट सुरू झाली, ताप गेला, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) खाली आलं की पेशंट निवांत होतो, घरचे निवांत होतात, बऱ्याचदा आपण डॉक्टर मंडळीही निवांत होतो आणि नेमक्या त्याच काळात आजाराला मोकळं रान मिळतं. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिच्या आणि तिच्यातून फुटणाऱ्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीला आतून सूज येते, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते, कधी बंदच होते, तर कधी उलट भिंत कमकुवत होऊन फुगते. बहुतेक पेशंट तरुण मुली आणि बायका. १९०८ मध्ये मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं दिसतंय असं मांडलं, आणि त्याच सभेत दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडे असेच डोळे असलेल्या पेशंटच्या मनगटाची नाडीच लागत नाही. म्हणून याला पल्सलेस डिसीज असंही म्हणतात.

आता पेशंट. २२ वर्षांची मुलगी. सुरुवात इतकी साधी की कुणालाच काही वाटू नये, थकवा, संध्याकाळची कणकण, हळूहळू उतरलेलं वजन. आधी ॲनिमिया म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, मग टीबीची शंका आली म्हणून एक्सरे, थुंकी सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही आणि यातच जवळपास वर्ष गेलं. सगळ्यात मोलाची गोष्ट ती कुणाला सांगतच नव्हती, कारण तिला ती आजारातली वाटत नव्हती. केस विंचरताना डावा हात भरून यायचा, खाली घेतला की थोड्या वेळात बरा व्हायचा. हे मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तपासलं तर डाव्या मनगटाची नाडी लागेना, बीपी उजव्या हातात १३८/८६ आणि डाव्यात ९६/६०, कॉलरबोनच्या वर स्टेथोस्कोप ठेवला की सूं-सूं आवाज आणि तसाच थोडा हलका आवाज पोटावर.

ईएसआर (हाही रक्तातला सुजेचाच आकडा) ७८, सीआरपी ४२, दोन्ही वाढलेले. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, दिसलं ते असं: डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी बऱ्याच लांबीवर अरुंद, मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या कॅरोटिडची भिंत जाड, छातीतल्या महाधमनीची भिंत जाड, आणि उजव्या किडनीच्या धमनीच्या तोंडाशी अगदी हलकं अरुंदपण. हे शेवटचं रिपोर्टमध्ये खालच्या ओळीत होतं. पुढे सगळी गोष्ट तिथूनच फिरली.

ट्रीटमेंट रीतसर सुरू झाली. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५० मिलिग्रॅम, सोबत मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, कमी डोसची ॲस्पिरिन, बीपीसाठी अम्लोडिपिन. स्टिरॉइड एकटं न देता पहिल्या दिवसापासून मेथोट्रेक्सेटसारखं दुसरं इम्युनोसप्रेसंट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) जोडणं हे आता युरोप आणि अमेरिकेच्या गाईडलाइन्स सांगतात, कारण नुसत्या स्टिरॉइडवर आजार शांत होतो खरा पण डोस कमी करायला घेतला की अर्ध्या वाटेत परत डोकं वर काढतो. महिन्याभरात ताप गेला, वजन परत आलं, सहा महिन्यांत सीआरपी ४ वर. वर्षाच्या शेवटी प्रेडनिसोलोन साडेसातवर आलं होतं. कागदावर बघितलं तर याहून छान प्रतिसाद तो काय असणार.

इथून पुढे दोन गोष्टी शांतपणे घडत होत्या. पहिली, मेथोट्रेक्सेट घेतलं की दुसऱ्या दिवशी मळमळायचं आणि ती मधूनमधून डोस चुकवायला लागली, कॉलेजची परीक्षा असली की हमखास. घरात माहीत होतं, पण रिपोर्ट चांगले येतायत म्हटल्यावर कुणी जोर धरला नाही. दुसरी, फॉलोअपचं अंतर वाढत गेलं आणि फॉलोअप म्हणजे रक्त तपासणी आणि उजव्या हाताचं बीपी एवढंच उरलं. इमेजिंग पुन्हा झालंच नाही. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये, धडधाकट दिसणाऱ्या, हसत बोलणाऱ्या मुलीला परत स्कॅनला पाठवायचं तर डॉक्टरलाही जरा जड जातं आणि घरच्यांनाही ते उगाचचं वाटतं.

माझ्याकडे आली तेव्हा ट्रीटमेंट सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. तक्रार काय, तर डोकं दुखतं, सकाळी जास्त, आणि जिना चढताना धाप लागते. सीआरपी ६, ईएसआर २४. उजव्या हाताचं बीपी ११८/७६. आई म्हणाली, "डॉक्टर, सगळं नॉर्मल आलंय ना, मग हिला टेन्शनमुळं होत असेल का?" प्रश्न रास्तच होता. पण टाकायासूच्या पेशंटला बीपी नॉर्मल आलं म्हणजे आधी एकच विचारायचं, कुठल्या हातात मोजलं आणि त्या हाताची धमनी उघडी आहे का?

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथं बरेच जण फसतात. हातातलं बीपी खरं तेव्हाच असतं जेव्हा महाधमनीपासून त्या हातापर्यंतचा रस्ता मोकळा असतो. रस्त्यात अडथळा असेल तर हृदय आणि मेंदू २०० चा दाब झेलत असले तरी कफवर १२० दिसणार. डावा हात खोटा आहे हे आधीपासून माहीत होतं म्हणून सगळे उजव्यावर भरवसा ठेवून होते. उजवी नाडी हाताला लागत होती, पण पहिल्या कागदावर जशी भरदार लिहिली होती तशी नव्हती, आणि उजव्या कॉलरबोनच्या वर आता आवाज होता जो आधी कुठंच नोंदलेला नव्हता. मग पालथं झोपवून मांडीला बसेल असा रुंद कफ बांधला, गुडघ्यामागच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला आणि मोजलं. १९२/९८. कफ रुंदच लागतो, हाताचा छोटा कफ मांडीला ओढूनताणून बांधला तर आकडा खोटाच वर येतो, म्हणून दोन्ही पायांत दोनदा मोजलं, फरक पडला नाही. पायातलं वरचं बीपी हातापेक्षा थोडं जास्त असतंच, दहा-वीसनं, पण ७४ चा फरक म्हणजे उजवा हातही आता खोटं बोलतोय. तिच्या बाबतीत पायांवर विश्वास ठेवता आला कारण पोटातली महाधमनी मोकळी होती, तीही अरुंद असती तर पायही खोटे ठरले असते आणि मग खरा दाब कॅथेटर घालूनच कळतो.

म्हणजे ही मुलगी किती महिने एवढा दाब अंगावर काढत होती कुणास ठाऊक. टूडी इकोत हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला, डोळ्याच्या पडद्यावर हाय बीपीच्या खुणा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, ठीक होतं, हे त्यातल्या त्यात बरं.

एमआर अँजिओ केला आणि जुन्या सीटीशेजारी ठेवून रेडिओलॉजिस्टबरोबर बसून बघितला. (शेजारी ठेवून बघणं फार गरजेचं, नुसता नवा रिपोर्ट वाचला तर काय नवीन आणि काय जुनं ते कळतच नाही.) डावी सबक्लेव्हियन होती तशीच, आजूबाजूला बायपाससारख्या छोट्या वाहिन्या तयार झालेल्या. डावी कॅरोटिड तशीच. उजवी सबक्लेव्हियन, जी पहिल्या स्कॅनमध्ये साफ होती, ती आता अरुंद, भिंत जाड आणि स्कॅनवेळी टोचलेला कॉन्ट्रास्ट पकडणारी, म्हणजे सूज असल्याची खूण. आणि उजव्या किडनीच्या धमनीचं ते खालच्या ओळीतलं हलकं अरुंदपण आता सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलेलं. त्या किडनीला वाटतं शरीरात दाबच कमी पडलाय, मग ती रेनिन (बीपी चढवायला लावणारा घटक) सोडत राहते आणि सगळ्या शरीराचं बीपी वर चढत राहतं.

आता खरा विचार इथं सुरू होतो. दोन्हीकडे प्रोग्रेशन आहे, पण दोन्ही एकच आहेत का? पेट-सीटी केला, सूज कुठं चालू आहे ते दाखवणारा स्कॅन. उजवी सबक्लेव्हियन आणि छातीतली महाधमनी दोन्हीकडे अपटेक होता, म्हणजे स्कॅनसाठी टोचलेलं द्रव्य तिथं जास्त ओढलं जात होतं, म्हणजे तिथं सूज जिवंत आहे. किडनीच्या धमनीच्या तोंडाशी काहीच नाही. पेटवरही आंधळा विश्वास नको, स्टिरॉइड चालू असताना अपटेक दबतो आणि नुसत्या जुन्या डागडुजीतही थोडा दिसू शकतो, पण एमआरमधली कॉन्ट्रास्ट पकडणारी भिंत, नवा आवाज आणि पेट तिन्ही एकच सांगत होते. किडनीकडची गोष्ट वेगळी. तिथली सूज विझलेली, पण भाजल्याचा वण जसा भरताना आवळत जातो आणि कातडी ओढून धरतो तशी ती भिंत बरी होता होता आक्रसली. म्हणजे एकाच शरीरात एकीकडे आजार चालू आणि दुसरीकडे आजार संपल्यावरचं नुकसान वाढत चाललेलं. पहिल्याला औषध वाढवावं लागतं. दुसऱ्याला कितीही इम्युनोसप्रेसंट दिलं तरी वाट उघडत नाही, उलट इन्फेक्शनचा धोका फुकट वाढतो. टाकायासूत "वाढलाय" एवढं म्हणून थांबलं तर निम्मा पेशंट चुकीच्या ट्रीटमेंटवर जातो असं माझं ठाम मत आहे.

मग प्रश्न येतो की सीआरपी गप्प का राहिलं. हे नवीन नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतला ६० पेशंटचा अभ्यास १९९४ मध्ये आला, त्यात जे पेशंट शांत आहेत असं धरलं होतं त्यांच्या ऑपरेशनवेळी घेतलेल्या धमनीच्या तुकड्यांत ४४ टक्क्यांत सूज चालूच होती. ईएसआर हा भरवशाचा निकष नाही हे तेव्हाच स्पष्ट लिहिलं गेलं. तरी आजही फॉलोअपला पहिली नजर त्याच आकड्यावर जाते कारण तो आकडा स्वस्तात, पटकन मिळतो. भारतातल्या डॉक्टरांनी बनवलेला आयटास २०१० हा स्कोअर मला म्हणूनच आवडतो, त्यात गेल्या तीन महिन्यांत नवीन काय झालं, कुठली नाडी गेली, कुठं आवाज आला, बीपी नव्यानं वाढलं का, याला वजन आहे, आणि रक्ताचे आकडे जोडायचे असतील तर त्यासाठी वेगळा प्रकार आहे. म्हणजे आधी पेशंटला हात लावा, मग लॅबचा कागद बघा.

या मुलीत धोका आधी दिसत होता का? माझ्या मते बऱ्यापैकी दिसत होता. फ्रान्समधून २०१७ मध्ये ३१८ पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीशी जोडलेल्या तीन गोष्टी ठळक निघाल्या: निदानाच्या वेळीच आजार वाढत्या चालीचा असणं, छातीतली महाधमनी आजाराच्या तावडीत सापडलेली असणं, आणि डोळ्याच्या पडद्यावर परिणाम असणं. आजार उलटण्याशी, म्हणजे रिलॅप्सशी, जोडलेल्या गोष्टी जरा वेगळ्या होत्या: पुरुष असणं, सीआरपी वाढलेलं असणं आणि मानेतली कॅरोटिड दाबल्यावर दुखणं. पुरुषांना हा आजार कमी होतो पण ज्यांना होतो त्यांच्यात परत उलटायचा धोका जास्त, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्याही आधी जपानमध्ये इशिकावा यांनी दाखवलं होतं की रेटिनोपॅथी (डोळ्याच्या पडद्यावरचा परिणाम), आजारामुळं वाढलेलं बीपी, महाधमनीच्या झडपेची गळती आणि भिंत कमकुवत होऊन फुगलेली धमनी या चारांपैकी काही असेल आणि वर आजार वाढत्या चालीचा असेल तर पुढचा काळ अवघड जातो. आमच्या पेशंटला पहिल्याच दिवशी छातीतली महाधमनी सुजलेली होती, लक्षणांना वर्ष होऊन गेलं होतं आणि ती वाढतच आली होती, शिवाय किडनीच्या धमनीला हात लागलेला होता. म्हणजे ही "सहा महिन्यांनी रक्त तपासून या" म्हणायची केस नव्हती.

यावर मधले धोके जमा झाले. चुकलेले मेथोट्रेक्सेटचे डोस हा एक, आणि याबद्दल पेशंटवर चिडून काही होत नाही, मळमळीवर उपाय आहेत, डोस इंजेक्शननं देता येतो, फॉलिक ॲसिड वाढवता येतं, औषध बदलता येतं, पण त्यासाठी "किती डोस चुकले गं?" असं सरळ आणि न रागावता विचारावं लागतं. न मोजलेलं बीपी हा दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा, कारण त्यानं सूज नसलेल्या ठिकाणचंही नुकसान होतं, हृदय, डोळे, मेंदू सगळीकडे. स्टिरॉइड भराभर उतरवणं हाही धोका असतो. टोसिलिझुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाच्या जपानमधल्या ट्रायलमध्ये ३६ पेशंट होते, स्टिरॉइड दर आठवड्याला दहा टक्क्यांनी उतरवत नेलं, तेव्हा औषधाच्या गटातही १८ पैकी ८ आणि प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ डोसवर) १८ पैकी ११ जणांचा आजार उलटला. आमच्या केसमध्ये मात्र डोस नीट सावकाश उतरवला होता, त्यामुळं ते कारण मी धरत नाही.

पुढे काय केलं. आधी बीपी, आणि तेही सावकाश. डावी कॅरोटिड अरुंद असताना दाब एकदम पाडला तर मेंदूला रक्त कमी पडेल, म्हणून पहिल्या आठवड्यांत १९२ वरून १६० च्या आसपास आणि मग पुढे खाली. एकाच किडनीची धमनी अरुंद होती म्हणून टेल्मिसार्टन (रेनिनमुळं चढणारं बीपी अडवणारी गोळी) कमी डोसनं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमवर नजर ठेवून जोडलं, दोन्हीकडे असती तर त्या वाटेला गेलोच नसतो. तिच्या वहीत आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की बीपी पायात मोजायचं, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेली तरी.

सूज चालू होती त्यासाठी प्रेडनिसोलोन परत ३० वर नेलं आणि इन्फ्लिक्सिमॅब सुरू केलं, आधी टीबीची आयजीआरए टेस्ट आणि छातीचा एक्सरे करून, कारण इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफ (शरीरातला सूज वाढवणारा घटक) अडवणारी औषधं दबून बसलेला टीबी उठवू शकतात. टोसिलिझुमॅबचाही विचार झाला होता. पण ते आयएल-६ (सूज वाढवणारा दुसरा घटक) अडवतं आणि सीआरपी बनतं आयएल-६ मुळंच, त्यामुळं ते चालू असताना आतमध्ये काहीही चाललेलं असलं तरी सीआरपी खालीच दिसतं. अमेरिकन गाईडलाइनही नुसत्या स्टिरॉइडला न बधणाऱ्या पेशंटमध्ये टीएनएफवाल्या औषधांकडेच आधी झुकते. मेथोट्रेक्सेट इंजेक्शनवर नेलं, मळमळ बरीच कमी झाली.

किडनीच्या धमनीची अँजिओप्लास्टी, म्हणजे आत फुगा फुगवून वाट रुंद करणं, लगेच केली नाही. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. वडील म्हणाले, "वाट अरुंद आहे हे दिसतंय, मग उघडत का नाही?" किडनीपाशी सूज विझलेली असली तरी शरीरात आजार चालूच होता, आणि आजार पेटलेला असताना धमनीत फुगा फुगवला तर ती परत बंद व्हायचं प्रमाण जास्त असतं, म्हणून शक्य असेल तेव्हा आजार शांत करून मगच हात घालायचा. किडनीचं काम ढासळायला लागलं असतं, फुप्फुसात पाणी भरलं असतं किंवा बीपी औषधांना जुमानलं नसतं तर थांबलो नसतो, तसं काही झालं नाही. पाच महिन्यांनी नवा एमआर शांत दिसला तेव्हा फुगा केला, स्टेंट न टाकता. बीपीच्या तीन गोळ्यांवरून ती एकीवर आली.

आता फुग्यानंतर वर्ष होत आलंय. उजवी सबक्लेव्हियन रुंद झाली नाही, होईल अशी अपेक्षाही नव्हती, पण पुढे अरुंदही झाली नाही आणि भिंतीतला कॉन्ट्रास्ट गेला. डोकेदुखी नाही. इकोत डाव्या कप्प्याची जाडी थोडी उतरलीये. सध्या दर तीन महिन्यांनी चारही हातापायांच्या नाड्या, मानेवर, कॉलरबोनवर आणि पोटावर स्टेथोस्कोप, पायात बीपी, आणि वर्षातून एकदा एमआर, मध्ये काही नवीन सापडलं तर लगेच. एमआर यासाठी की रेडिएशन नाही आणि अजून कित्येक वर्षं स्कॅन करावे लागणारेत.

मागच्या भेटीत तिनं लग्नाबद्दल आणि मुलांबद्दल विचारलं, आई बाहेर गेल्यावर. मूल होऊ शकतं, पण आजार शांत आणि बीपी ताब्यात असतानाच, आणि आधी ठरवून. मेथोट्रेक्सेट आणि टेल्मिसार्टन दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत. आधीपासून थांबवावी लागतील, त्यांच्या जागी अझाथायोप्रिन आणि बीपीची दुसरी गोळी, आणि हा बदल करून मधले काही महिने आजार तसाच शांत राहतो का ते बघावं लागेल, कारण औषध बदलणं हाही उलटण्याचा एक धोकाच. प्रसूतीतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलंय की हिचं बीपी हातावर मोजून चालणार नाही. बदल कधी सुरू करायचा ते पुढच्या एमआरनंतर ठरेल.